विचारा की मावशीला : एका दिवसात करवीरची राजधानी

गेल्या अंकात जेवणाबद्दल लिहिता लिहिता ‘आमची राजधानी’ असं कोल्हापूरला म्हणून बसले. त्यावरून साताऱ्याहून एक भांडण आलंय, ते पुढं छापलंच आहे. बाकीची पत्रं सुट्ट्यांच्या तोंडावर दर साली येतात तशीच : कोल्हापूरला येतोय, दिवस एकच आहे, काय बघू आणि काय खाऊ? खानावळ आता मुलगा आणि सून बघतात, त्यामुळं मला वेळच वेळ आहे. विचारा की.

मावशी, आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, आता पन्नाशीच्या पुढच्या. बुधवारी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं उतरणार, रात्री त्याच गाडीनं परत. मोबाइलवर बघून यादी केलीय : अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, रंकाळा, नवा राजवाडा, कणेरी मठ, खिद्रापूर. एकीचे गुडघे दुखतात, एक शाकाहारी आहे, एकीला चप्पल घ्यायची आहे. जमेल का सगळं?
– चौघी, ठाणे

बुधवार निवडलात, हे झकास केलंत. मंगळवार-शुक्रवार देवीचे, शनिवार-रविवार पर्यटकांचे, सोमवारी टाऊन हॉलचं संग्रहालय बंद. आणि बुधवारी मटण खायला कुणाची आडकाठी नसते.

आता यादीवर कात्री. पन्हाळा-जोतिबा एका अंगाला, कणेरी दुसऱ्या अंगाला, खिद्रापूर तर पार शिरोळ तालुक्यात, साठेक किलोमीटरवर. एवढं एका दिवसात करायचं म्हणजे गाडीच्या काचेतून ऊस बघायचा. ही चारही नावं खोडा. राहिलं ते सगळं गावात आहे, आणि जुनं कोल्हापूर हे चालत बघायचं गाव आहे. देऊळ, राजाचा वाडा, कुस्तीचं मैदान, नाटकाचं थिएटर, सराफ कट्टा, चपलांची दुकानं, तुरुंगसुद्धा, सगळं एकमेकांच्या हाकेवर. राजाला जे जे लागायचं आणि रयतेला जे जे लागायचं ते एकाच ठिकाणी दाटीनं वसलंय.

स्टेशनजवळ एक खोली घ्या, आंघोळी उरका, बॅगा तिथंच टाका आणि थेट मिसळ खायला निघा. उद्यमनगरात फडतरे, कसबा बावड्यात बावडा मिसळ, गावात चोरगे, खासबाग. कुठली चांगली यावर इथं सख्खे भाऊ बोलत नाहीत, म्हणून मी पडत नाही त्यात. एवढं ध्यानात ठेवा : मिसळीबरोबर पाव येणार नाही, ब्रेडच्या स्लाइस येतील. रश्श्याला ‘कट’ म्हणायचं. तो संपला की आणखी मागायचा, लाजायचं नाही. चौघींत दोन प्लेटी मागवा. का ते दुपारी कळेल.

मग देऊळ. गुडघेवाल्या ताईंनी मुखदर्शनाच्या रांगेला लागावं, ती लवकर सरकते. बाकीच्यांना गाभाऱ्यापर्यंत जायचं असेल तर जा. पण दर्शन झालं की लगेच चपलांकडं पळू नका. बाहेरून देवळाला एक सावकाश फेरा मारा. भिंत सरळ जातच नाही, कोन काढत काढत वळते, आणि प्रत्येक कोनाड्यात एक बाई उभी : कुणी वाजवतेय, कुणी नाचतेय, कुणी आरसा बघतेय. काळ्या दगडाचं हे काम जुनं. वरची शिखरं कितीतरी नंतरची, ती बघून लोक फोटो काढतात आणि खालच्या बायकांकडं ढुंकून बघत नाहीत.

देवळाच्या अंगालाच भवानी मंडप, म्हणजे जुना राजवाडा. तिथं छत्रपतींची तुळजाभवानी आहे. नगारखान्याच्या कमानीखालून आजही रिक्षा, सायकली, शाळेची पोरं जातात-येतात. तिकीट नाही, काही नाही. वाड्याच्या दारातून रोजचा बाजारहाट चालतो ते मला फार आवडतं.

तिथून दहा मिनिटं चालत खासबाग. हे मैदान बघितल्याशिवाय कोल्हापूर बघितलं असं म्हणू नका. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते, त्या प्रवासात रोमची जुनी मैदानं त्यांनी बघितली. १९१२ला इथं त्यांनी हे कुस्तीचं मैदान सुरू केलं. मधोमध हौदा, भोवती गोल चढत्या पायऱ्या. तीसेक हजार माणूस बसतं, आणि शेवटच्या पायरीवरच्यालासुद्धा पैलवानाची पकड दिसते. हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर मिसळलेला असतो. मैदान रिकामं असलं तरी वाकून जरा वास घ्या. आमच्या खानावळीत तालमीतली पोरं जेवायला यायची, त्यांच्या अंगालाही तोच वास असायचा. श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी, १९५९चे, ते याच गावच्या मातीत तयार झालेले.

मैदानाला लागून गायक-नट केशवराव भोसले यांच्या नावाचं नाट्यगृह. पूर्वीचं पॅलेस थिएटर, १९१५चं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री अर्धं गाव रस्त्यावर उभं होतं आणि म्हातारी माणसं लहान पोरासारखी रडत होती. पुन्हा उभारायचं काम हाती घेतलंय. तिथं थांबून जरा वर बघा, एवढंच सांगते.

मग बिंदू चौक. तटबंदीचा तुकडा, तुरुंग, आणि मधोमध महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे. ९ डिसेंबर १९५०ला बसवलेत, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. समाजसुधारक माधवराव बागलांनी पुढाकार घेतला होता.

एव्हाना एक वाजेल आणि भूक लागली असेल. लक्ष्मीपुरीच्या बाजूला जा. रश्श्याच्या हॉटेलांची नावं मात्र मी छापणार नाही. जन्मभर याच धंद्यात काढलाय, एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचा फोन येतो. कुणाही रिक्षावाल्याला ‘तू कुठं जेवतोस?’ असं विचारा. ‘पाहुण्यांना कुठं नेतोस?’ असं विचारलंत तर दुसरीकडं नेईल.

ताटात सुकं मटण, तांबडा, पांढरा, दही-कांदा, भाकरी किंवा चपाती, मागनं भात. पांढरा गरम आहे तोवर वाटी तोंडाला लावून प्यायचा, चमचा मागायचा नाही. मग भाकरी-सुक्क्यावर तांबडा. दोन्ही रस्से पुन्हा पुन्हा वाढायला येतात. म्हणून सकाळी दोनच प्लेटी मिसळ मागवायला सांगितलं. इथं रश्श्याला नाही म्हणणाऱ्या पाहुण्याकडं वाढपी असा बघतो, की घरातलं कुणी आजारी आहे काय!

दुपारी उन्हात चालू नका, रिक्षा करा. वाटेत दसरा चौक लागेल. चौकाभोवती वसतिगृहंच वसतिगृहं दिसतील. १९०१पासून शाहू महाराजांनी जातीजातीच्या पोरांसाठी ती सुरू केली आणि २६ जुलै १९०२ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांना पन्नास टक्के जागा ठेवल्या. राजधानीत राजाचा पुतळा असतोच, इथं पुतळ्यासमोर पोरं अभ्यास करत बसलेली दिसतात.

पुढं टाऊन हॉल, टोकदार मनोऱ्यांची इमारत, दवाखान्याच्या समोर. आत संग्रहालय आहे. चौघींपैकी तिघी म्हणतील ‘दगडधोंडे काय बघायचे!’ त्यांना बागेत बसवा आणि चौथीनं आत जाऊन एकच वस्तू बघावी. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावरच्या खोदकामात काशाचा एक चिमुकला देव निघाला. वीतभरही नाही. उघडाबंब, दाढीवाला, एक हात वर उगारलेला. तो पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्रदेव. दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार चालायचा, त्या मालाबरोबर समुद्र ओलांडून, घाट चढून इथवर आला. आपण महालक्ष्मीनं येतो आणि दमतो.

नवा राजवाडा त्याच रस्त्यानं पुढं. काळ्या घडीव दगडाचा, मधे अष्टकोनी घड्याळाचा मनोरा. मेजर मँट या इंग्रजानं आखला, बडोद्याचा लक्ष्मी विलासही त्याचाच. काम १८७७ला सुरू झालं, मँट १८८१ला वारला, राजवाडा १८८४ला पुरा झाला. आत दरबार हॉलमध्ये शिवचरित्राचे प्रसंग रंगीत काचांत आहेत. बाकी तलवारी, भाले आणि पेंढा भरलेले वाघ. वाघ बघून मला वाईट वाटतं, मी तिथून भराभर चालते. एका भागात छत्रपतींचं घराणं अजून राहतं, तेव्हा आवाज जरा बेतानं.

ऊन उतरलं की रंकाळा. संध्यामठाच्या बाजूला बसा, चौपाटीवर गर्दी असते. समोर शालिनी पॅलेस दिसतो. तिथं काही खाऊ नका, फार तर कणीस. कारण तिथून गंगावेस जवळ, आणि गंगावेशीत दूध प्यायचंय (त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय). मग महाद्वार रोडनं रमतगमत, खोलीवर, बॅगा आणि गाडी. चप्पल सकाळी भवानी मंडपापाशीच घेऊन टाका, रात्रीवर ठेवू नका.

‘आमची राजधानी’ वाचून करमणूक झाली. राजधानी साताराच. शाळेत हेच शिकवलं जातं. कोल्हापूर हे संस्थान होतं.
– एक सातारकर

आला का साताऱ्याचा कागद! बरं वाटलं.

दादा, सातारा थोरली पाती, हे मान्य. पण शाळेत पुढचं पानही शिकवतात. राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाशी झुंजल्या त्या ताराराणी, आणि १७१०ला पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली तीही त्यांनीच. १७३१ला वारणेचा तह झाला, वारणेच्या अलीकडं कोल्हापूर, पलीकडं सातारा. अठराव्या शतकाच्या शेवटाला राजधानी पन्हाळ्यावरनं खाली कोल्हापुरात आली. तुमची गादी डलहौसीनं १८४८ला खालसा केली. आमचं करवीर राज्य १ मार्च १९४९ला मुंबई प्रांतात विलीन झालं. मधली शंभर वर्षं राजधानीचा कारभार कुठं चालला होता, मोजा.

आणि भांडायचं कशाला? ताराराणी १७६१ला साताऱ्यातच वारल्या. कावळा नाक्यावर त्यांचा पुतळा आहे, मागच्या दोन पायांवर उभ्या घोड्यावर. कोल्हापूरला याल तेव्हा पहिल्यांदा त्याच दिसतील. नमस्कार करून आत या, कंदी पेढे आणलेत तर जेवण माझ्याकडं.

मी शुद्ध शाकाहारी. कोल्हापुरात अस्सल ‘व्हेज कोल्हापुरी’ कुठं मिळेल?
– एक वाचक, नाशिक

कुठंच नाही. फ्लॉवर, गाजर, वाटाणा लाल रश्श्यात घालून वर आख्खी मिरची ठेवायची, ही भाजी कोल्हापुरातल्या कुठल्या घरात शिजते ते मला दाखवा. ती हायवेवरच्या मेनूकार्डात जन्मली. आणि ‘कोल्हापुरी’ म्हटलं की नाकातोंडातनं पाणी यायलाच पाहिजे, हाही समज तिथलाच. आमच्या चटणीत तिखटाइतकंच कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे असतात. रंगाला ब्याडगी, ठसक्याला संकेश्वरी. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणायची, वर्षभर पुरवायची. नुसत्या तिखटाला इथं कुणी भाव देत नाही.

तुमच्यासाठी सकाळी मिसळ आहेच, नाहीतर कटवडा. दुपारी आख्खा मसूर आणि रोटी, किंवा झुणका, भाकरी, मिरचीचा खर्डा, दही. खर्डा पहिल्यांदा बोटाच्या टोकावर घ्या. संध्याकाळी खासबागेजवळच्या खाऊगल्लीत राजाभाऊंची भेळ. दावणगिरी लोणी डोशाच्या गाड्याही भरपूर. रात्री कॉकटेल आइस्क्रीम : नाव दारूचं, आत फळं. घरच्यांसाठी जयसिंगपूरचा भडंग न्या, आणि गूळ. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तुम्ही मानांकन बघू नका, तुकडा तोडून चाखा. फार पिवळाधमक दिसला तर ठेवून द्या, जरा काळसर बघून घ्या.

पांढरा रस्सा घरी केला की माझा हमखास फाटतो. कोल्हापुरात जेवलेला तसा गुळगुळीत कसा करायचा?
– एक वाचक, पुणे

यावर मी पुस्तक लिहीन, पण जागा एवढीच आहे.

मटण आलं-लसूण आणि मिठावर शिजवायचं, पाणी सढळ. हळदीची चिमूटसुद्धा नको, नाहीतर पिवळा रस्सा पीत बसाल. हे पाणी म्हणजे अळणी. त्यावर सगळं अवलंबून. हाडं घातली नसतील तर पुढचं करू नका, वरणभात खा. खसखस, तीळ, काजू भिजवून इतकं बारीक वाटा की बोटांत कण लागता कामा नये. तुपात तमालपत्र, दालचिनी, लवंग, मिरी घालायची, त्यावर हे वाटण. इथं बहुतेक बायका चुकतात : वाटण लाल होईतो परततात. परतायचं, पण रंग बदलू द्यायचा नाही. मग गरम अळणी ओता, गार नव्हे. उकळी येऊ द्या, दहा मिनिटं नीट शिजू द्या.

आता नारळ. दूध दोनदा काढलेलं असतं. पातळ दूध आधी, मंद आचेवर. घट्ट दूध अगदी शेवटी, आणि ते पडलं की डाव हातातनं सोडायचा नाही. एकाच दिशेनं ढवळत राहायचं. कडेला बुडबुडे दिसायला लागले की गॅस बंद. खदखदला की फाटलाच. मीठ आधीच जमवा, शेवटी नको. आणि जेवायला माणसं बसली की मगच घट्ट दूध घाला. करून ठेवायचा आणि तासानं पुन्हा उकळायचा, हे तांबड्याला चालतं. पांढरा त्या बाबतीत नवऱ्या मुलासारखा, वेळेवर मान मिळाला नाही की बिनसतो.

किरणोत्सवाला येऊ का? गर्दीत काही दिसतं का?
– एक वाचक, नांदेड

यायला हवं, पण समजून या. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातनं, गरुड मंडपावरनं सरळ गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांपर्यंत, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच का? तर २२ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य दक्षिणेला टोकाला जातो आणि परत फिरतो. जाताना चाळीस-बेचाळीस दिवस आधी आणि येताना तेवढेच दिवसांनी तो क्षितिजावर त्याच ठिकाणी मावळतो. ज्या सुतारा-पाथरवटांनी हे देऊळ बसवलं त्यांना हा हिशेब पाठ होता.

अडचण एवढीच, की ढग आले, धुरळा असला किंवा पश्चिमेच्या बाजूला एखाद्या इमारतीचा कोपरा आडवा आला तर किरण गुडघ्यावरच थांबतं. सगळा खेळ सूर्य मावळण्याआधीच्या काही मिनिटांचा. गाभाऱ्यासमोर जागा मिळत नाही, आवारात लावलेल्या पडद्यावर बघायची तयारी ठेवा. मी तर पडद्याकडंही बघत नाही. आवारातली माणसं बघते. किरण मुखावर पोचलं की एकदम जी हाळी उठते, ती ऐकायला जाते.

खरी कोल्हापुरी चप्पल ओळखायची कशी? मागच्या वेळची पहिल्या पावसात उकलली.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

पावसात घातलीत? मग ती खरी असती तरी उकलली असती. कोल्हापुरी आणि पाऊस यांचं पिढ्यान् पिढ्यांचं वैर आहे. पावसाळ्यात ती कागदात गुंडाळून माळ्यावर.

खरी असेल तर कातडं बाभळीची साल आणि हिरडा लावून कमावलेलं असतं. वास घ्या, उग्र येतो, रसायनाचा येत नाही. तळ आणि वरचा भाग चामड्याच्याच वादीनं शिवलेला असतो, खिळा नाही. चप्पल उलटी करून कडेची शिवण बघा. डिंकानं चिकटवलेली असेल तर थर सरळ दिसतात, शिवण नुसती वरवर मारलेली. कान, पट्टा, अंगठा, वेणी, हे सगळे भाग हातानं कापलेले, त्यामुळं डाव्या-उजव्यात केसाएवढा फरक सापडतो. दोन्ही अगदी एकसारख्या असतील तर मशीनची समजा. घेताना जरा घट्टच घ्या, ती पायाच्या आकाराची होत जाते. पहिले चार दिवस चावते. थोडं खोबरेल लावा आणि घरात घालून फिरा.

२०१९ला तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा या इटालियन कंपनीनं तशीच चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा चप्पल लाइनीत दिवसभर दुसरा विषय नव्हता. एका दुकानदाराचं म्हणणं : ‘त्यांनी लाखाला विकावी, पण गिऱ्हाइकांनी आधी आपल्याशी भाव करणं बंद करावं.’ तेव्हा तुम्हीही फार ताणू नका.

मी मूळची शुक्रवार पेठेतली, आता बंगळुरूत. मैत्रिणींना घेऊन येतेय. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर अजून म्हशी येतात का? त्यांना खोटं वाटतं.
– माहेरवाशीण

येतात की गं. सकाळी आणि संध्याकाळी. मालक म्हैस घेऊन येतो, कट्ट्याशी उभी करतो. गिऱ्हाईक सांगेल तसं, तिथंच समोर धार काढतो आणि फेसासकट पेला हातात देतो. कोमट, गोड, साखर घालायची गरज नाही. पूर्वी तालमीतली पोरं व्यायाम करून यायची ती थेट इथं. आताही येतात, पण त्यांच्या शेजारी आयटीवाले सेल्फी काढत असतात. म्हशीला त्याचं काही नाही.

मैत्रिणींना दोन गोष्टी आधी सांगून ठेव. एक, हे न तापवलेलं दूध आहे. ज्यांचं पोट नाजूक, गरोदर बाया, लहान पोरं यांनी नुसतं बघावं, प्यायचा हट्ट नको. दोन, मिशीला लागलेला फेस पुसायची घाई करायची नाही, त्याचा फोटो काढायचा असतो.

बायको देवदर्शन करणार, मुलगी खरेदी. चौदा वर्षांच्या मुलाला कुठं न्यावं? त्याला फक्त फुटबॉल कळतो.
– एक बाबा, सोलापूर

मग त्याला कोल्हापूर सगळ्यात आधी कळेल. शाहू स्टेडियमवर सामना आहे का विचारा. हंगाम हिवाळ्यात सुरू होतो तो उन्हाळ्यापर्यंत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, इथले संघ तालमींचे आणि पेठांचे आहेत. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ म्हणजे काय, ते त्याला गॅलरीत बसून कळू दे. फक्त कुठल्या बाजूला बसलात ते बघा आणि दुसऱ्या संघाच्या गोलला टाळी वाजवू नका.

रात्रीची गाडी चुकवून मुक्काम केला तर दुसऱ्या दिवशी?
– पुन्हा त्या चौघी, ठाणे (दुसरं पत्र)

मला वाटलंच होतं. मग पन्हाळा. वीसेक किलोमीटर, एसटीही जाते. सकाळी लवकर निघा, दुपारी गडावर धुकं तरी असतं नाहीतर ऊन तरी. तीन दरवाजा, अंधारबाव, आणि अंबरखाना चुकवू नका. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्यकोठारं आहेत, आत उभं राहिलं की सिद्दी जौहरच्या वेढ्यात इतके महिने गड कसा तगला ते कळतं. जुलै १६६०च्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज इथूनच विशाळगडाकडं निघाले. २०२५च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात पन्हाळा आहे.

गुडघेवाल्या ताईंना काळजी नको, गाडी वरपर्यंत जाते. जेवायला झुणका-भाकरीवाल्या बायकांकडंच बसा. दही मात्र आठवणीनं मागून घ्या, ते ताटात आपसूक येत नाही.